टिलवे उडाले

उत्तमचंद शेठच्या घरी चातुर्मासात ओसरीवरचा दिवा लावत नाहीत. दिव्यावर किडे-पतंग येऊन मरतात, म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं. ओतूरला बदलून आलो त्या वर्षी तिन्हीसांजेला गूळ घ्यायला गेलो आणि अंधारात त्यांच्या पायरीवर सपशेल आडवा झालो. गुडघा फुटला. शेठ आतून धावत आले. मला वाटलं, आता हात देतील. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "हलू नका राव, तुमच्या कोपराखाली एक पतंग हाये."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेठनी ते सगळं ऐकून घेतलं, पतंगाला कागदावर अलगद उचलून कुंडीच्या आडोशाला ठेवलं आणि मग माझ्या गुडघ्याला हळद लावली. पुढची सगळी वर्षं आमची मैत्री याच क्रमानं चालली. आधी किडा, मग मी, सयाजीराव.

लहानपणी त्यांची आई त्यांना पावसाळ्यात कंदिलाभोवती पडलेले जीव वेचायला बसवायची. मुंगी असो नाहीतर भुंगा, पायाखाली येता कामा नये. बाकीची भावंडं कंटाळून पळायची, हे मात्र बघत बसायचे. दयेपोटी धरलेलं काम शौक कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. परसातल्या भिंतीवर सकाळी बसलेला पतंग दाखवून म्हणायचे, "ह्यो कालचा न्हाई. कालच्याच्या पंखावर डोळा व्हता." धान्याच्या व्यापाऱ्याला पतंगाच्या डोळ्याशी काय करायचंय, असं बाजारपेठेत सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. पण ढवळ्याशेजारी पवळा बांधला की व्हायचं तेच झालं, आणि मीही भिंती न्याहाळू लागलो.

गणपती उठले की परसावर चतुर यायचे. काचेच्या पंखांचे, हवेत एका जागी थांबून राहणारे. उतरत्या उन्हात त्यांचे थवेच्या थवे घिरट्या घालू लागले की शेठ गल्ल्यावरून उठायचे. "राव, चतुर आले. म्हंजी टिलवे बी निघाले." मग येत्या रविवारी माझी व्हॅन, आम्ही दोघं, आणि मढचा रस्ता.

टिलवा म्हणजे चिमणीहूनही लहान पक्षी. वरून मातकट, पोटाला पांढरा. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातून निघतो, हिवाळा समुद्राकाठी काढतो, आणि जाता जाता आमच्या धरणावर उतरतो. गाळात चोच मारत पळतो तेव्हा शिलाई मशीनची सुई चालल्यासारखी वाटते. मढच्या अलीकडं, पिंपळगाव जोगे धरणाच्या फुगवट्याला एक ओढा येऊन मिळतो. त्यानं आणलेल्या गाळाचा तिथं एक पट्टा झालाय. धरण तुडुंब भरलं तरी त्या पट्ट्यावर पाणी घोट्याच्या वर जात नाही. पावसाळा सरताना बाकी सगळे काठ बुडालेले असतात, त्यामुळं टिलव्यांना उतरायला तेवढीच जागा. मी कालव्यावर नोकरी केलेला माणूस, म्हणून मला ती माहीत, आणि मीच ती शेठना दाखवली. तिथं थवा एकदम उठायचा, वळताना सगळ्यांची पोटं एकदम पांढरी चमकायची, आणि शेठ दुर्बीण खाली घेऊन हसायचे. गिऱ्हाइकापुढं हसायचे ते वेगळं. हे हसू माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं.

गुलाबवहिनींनीसुद्धा नाही. त्या शेठच्या पत्नी. घर, जैन स्थानक, उपवास आणि पुण्याला असलेल्या मुलीचे फोन, यात त्यांचा दिवस जायचा. त्यातून काचबिंदूनं नजर मंदावलेली. आम्ही दुर्बीण गळ्यात घालून निघालो की त्या म्हणायच्या, "चालले दोघं सवतीकडं!" हसून म्हणायच्या, पण त्या हसण्यात थोडं काहीतरी टोचायचं. ते मला उशिरा समजलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शेठना धाप लागायला लागली. जन्मभर धान्याची धूळ छातीत भरलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सरळ सांगितलं की फुप्फुसं कडक झालीत आणि ती पुन्हा मऊ होत नसतात. औषध त्रास कमी करायला, बरं करायला नव्हे. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. परसाच्या खिडकीपाशी पलंग लावला. शेठ नळी नाकाला लावून भिंतीवरचे पतंग बघत पडून राहायचे आणि ते मशीन दिवसभर घुरघुरत राहायचं. मला त्या मशीनचा इतका राग यायचा की एकदा मी त्याला लाथ मारता मारता थांबलो.

असंच वर्ष गेलं. गेल्या वर्षी भादव्यात परसावर चतुर आले. मी पलंगाशी बसलो होतो. शेठनी नाकाची नळी बाजूला केली.

"राव, चतुर आले."

"बघितले. नळी लावा आधी."

"एकदा न्या मला गाळावर. टिलवे बघतो आन् येतो. दुसरं काय मागत न्हाई."

मी हो म्हणालो. त्यांनी चंद्रावर न्या म्हटलं असतं तरी हो म्हणालो असतो, अशी त्यांची छाती हलत होती.

दारात वहिनी उभ्या होत्या. मी निघालो तशा त्या माझ्यामागं ओसरीपर्यंत आल्या. "भाऊ, न्या तुमी त्यांना. पर मी बी येणार. मला त्यांच्या नावानं पक्षी सोडायचेत."

मला कळेना. त्यांनी समजावलं. खाणाऱ्याच्या तावडीतून जीव सोडवून मोकळा करायचा, हे त्यांच्या माहेरी चालत आलेलं. आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांच्या आजीनं खाटकाकडून बकरं सोडवलं होतं, आणि आजोबा पुढं कितीतरी वर्षं जगले. "दुसऱ्याचा जीव वाचवला की आपल्या माणसाला आयुष्य मिळतं. त्यांनी उभी हयात पक्ष्यांपायी घालवली, मग पक्षीच सोडायला पायजेत ना?"

"शेठना विचारलंत?"

"विचारायचं कशापायी? बघून खूश व्हतील. माझ्याकडं बघून कधी हसतील तरी."

मला वाटलं, कुणाच्या तरी पिंजऱ्यातले पोपट असतील, उडतील बिचारे. बायामाणसांचं समाधान, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी घरी गेलो.

रविवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर शेठ, शेजारी छोटा सिलिंडर आणि वहिनी. ऊन स्वच्छ होतं, डोंगरउतारावर सोनकी पिवळी फुललेली. शेठ काचेला कपाळ लावून बघत होते. वाटेत दोनदा मला म्हणाले, "हळू घ्या, घाई न्हाई." घाई त्यांनाच होती.

काठावर खुर्ची मांडली, त्यांना बसवलं, दुर्बीण हातात दिली. समोर गाळाचा पट्टा होता तसाच होता, पण त्यावर एक पक्षी नव्हता. एखादा बगळासुद्धा नाही. शेठ दुर्बीण डावीकडून उजवीकडं फिरवत राहिले.

"उशीर झाला असंल त्यांना," मी म्हणालो.

शेठची दुर्बीण एका जागी थांबली होती. मी तिकडं पाहिलं. गाळात बारीक काठ्यांची एक रांग रोवलेली होती. टिलवे रात्री ज्या बाजूनं उतरतात, बरोबर त्याच बाजूला. एका काठीला काळ्या नायलॉनच्या जाळीचा तुकडा अडकून वाऱ्यावर हलत होता.

तेवढ्यात मागं मोटारसायकल थांबली. धरणावर मासे धरणारा सुनील. मागं बांबूचं डालगं, त्यावर ओलं गोणपाट. वहिनी लगबगीनं पुढं झाल्या. "आला बाई वेळेवर!"

मी सुनीलला बाजूला घेतलं. "काय आणलंस?"

"पाखरं. बाई म्हणल्या, ल्हान आसली तरी चालत्याल, पर जीव जास्ती पायजेत. पोपट-बिपट कुठं मिळत्यात आता?" तो खूश होता. "हितलीच हायेत, लांब जावं बी लागलं न्हाई. लई चपळ जात. उडून जाऊ न्हाई म्हणून एका पंखाची पिसं कातरल्यात."

त्याच्या मुस्काटात द्यावी म्हणून हात उचलला, आणि तोवर वहिनींनी डालगं शेठच्या पायाशी ठेवून घेतलं होतं.

"बघा तरी, काय आणलंय!" त्यांचा आवाज एखाद्या नव्या नवरीसारखा झाला होता. "खाणाराच्या हातनं सोडवलेत. तुमच्या नावानं." त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, नवकार मंत्र म्हटला, आणि चाचपडत गोणपाट ओढून काढलं.

टिलवे बाहेर पडले. मोकळ्या टिलव्याला तुम्ही पाहिलंत तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत आभाळात असतो. हे धडपडत बाहेर आले, एकमेकांवर आपटले, एक पंख फडफडवून कलंडले आणि गवताकडं पळत सुटले. काही गाळात रुतले. एक डालग्यातच पडून राहिला, तो मेलेलाच होता. सुनीलनं गोणपाट त्याच्यावर टाकलं. वर कुठूनशी एक घार आली आणि काठावर गोल फिरू लागली.

शेठ सगळं पाहत होते. दुर्बिणीची गरज नव्हती. त्यांच्या पायाशी, चपलेला चिकटून एक टिलवा बसला होता, धापा टाकत. दोघांचीही छाती सारख्याच वेगानं हलत होती. ते मला बघवलं नाही.

वहिनींनी डोळे उघडले. मंद नजरेला समोर नुसतं पाणी आणि उजेड दिसला असणार. "उडाले?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. शेठनी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. आणि ते वहिनींना ऐकू जाईल असे हसले. तेच हसू, थवा वळताना चमकला की यायचं ते. कसं आणलं असेल त्यांनी ते, मला अजून ठाऊक नाही.

"उडाले, गुलाब. समदे उडाले."

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेठनी पायाशी वाकून त्या टिलव्यावर हाताची ओंजळ धरली आणि पुटपुटले, "मिच्छामि दुक्कडं." संवत्सरीला जैन घरात सगळ्यांची, मुंगीचीसुद्धा, माफी मागतात, ते हे शब्द. वहिनींना वाटलं, ते त्यांच्याबरोबर मंत्र म्हणतायत. त्यांनीही हात जोडले.

मग त्या व्हॅनमधून डबा आणायला गेल्या तेव्हा मी उसळलो. "खोटं का बोललात? सांगा त्यांना! पुन्हा करतील त्या!"

"तिला न्हाई सांगायचं," शेठ म्हणाले. एकेक शब्दाला थांबत होते. "ती ह्याच्यावरच उभी हाये, राव. हे काढून घेतलं तर पडंल. मला आता किती दिवस? मी गेल्यावर कुणासाठी सोडंल ती? आपोआप थांबंल."

"आणि ही पाखरं?"

त्यांनी गाळाकडं पाहिलं. घार खाली झेपावून वर गेली होती. "न सांगायची शप्पथ घ्या," ते म्हणाले, "माझ्या गळ्याची." आणि मी घेतली. व्यवहारात त्यांना कधी कुणी फसवलं नव्हतं, त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. एवढा एकच चुकला.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, शेठनी दोन फुलके खाल्ले. महिनाभरात खाल्ले नव्हते. वहिनींना आनंदानं काय करू नि काय नको झालं. माझ्या घरी स्वतः निरोप घेऊन आल्या, "भाऊ, गुण आला!" दुसऱ्या दिवशी सुनीलला पुन्हा सांगावा गेला. मग पुन्हा. आम्हाला काही त्या नेत नव्हत्या, सुनीलच सोडून येतो म्हणायचा. शेठना मी हे कळू दिलं नाही. ते विचारायचे, "टिलवे आले का गाळावर?" आणि मी म्हणायचो, "आले, लई आले." खोटं बोलायला मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

दिवाळीच्या आधी ते गेले. मशीन बंद केलं तेव्हा घरात इतकी शांतता झाली की मला त्या घुरघुरीचीसुद्धा आठवण आली.

मला वाटलं, आता तरी थांबेल. शेठनाही तसंच वाटलं होतं. पण वहिनींनी दर महिन्याच्या तिथीला त्यांच्या नावानं पक्षी सोडायचं धरलं. टिलवे नसले की सुनील मिळेल ते पाखरू आणायचा. मी सुनीलकडं गेलो, शिव्या घातल्या, वनखात्यात कळवीन म्हणालो. तो जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "कळवा की. मग बाईंचं बी नाव निघंल. जमंल तुमाला?" नाही जमणार. हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

मग एक दिवस मी शपथ मोडायचीच असं ठरवून वहिनींकडं गेलो. ज्या गळ्याची शपथ घेतली तो गळाच राहिला नव्हता, आता काय बिघडणार होतं? वहिनी परसात बसल्या होत्या. आता त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मांडीवर शेठची दुर्बीण. तिच्या काचा त्या पदरानं पुसत होत्या.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "एक सांगू? इतकी वर्षं संसार झाला. चांगले व्हते ते, कधी वाकडा शब्द न्हाई. पर माझ्याकडं बघून जीव भरून हसले ते एकदाच. त्या दिवशी, धरणावर. मी काहीतरी असं केलं की ते हसले. मला तेवढं एकच पुरतंय आता."

मी चहा प्यालो आणि परत आलो. रस्त्यात मला त्यांचा राग आला, शेठचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पण राग येऊन काय उपयोग? त्या बाईच्या हातात एकच दिवस होता, तो मी कसा हिसकावून घेणार?

यंदा गणपती उठले. परसावर चतुर आले, नेहमीसारखे. रविवारी मी एकटा गाळावर गेलो. काठ्या तशाच होत्या, पण जाळी नव्हती. धरायला पाखरंच उरली नव्हती. थवा आला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

शेठच्या तिथीला वहिनींनी मला बोलावलं. वर्ष झालं, तेव्हा त्याच जागी जाऊन सोडायचे होते, आणि शेठचा दोस्त म्हणून मीही पाहिजे होतो. मी त्यांना व्हॅनमधून नेलं. हात धरून काठावर आणलं. सुनील उभा होता. डालग्यात मूठभर टिलवे, कसे तरी दाटीवाटीनं बसलेले.

"हितं आता येत न्हाईत," तो माझ्या कानाशी म्हणाला. "पार येडगावच्या धरणावनं आणल्यात. तिथं बी कमीच झाल्यात."

वहिनींनी डोळे मिटले, नवकार म्हटला. मग हात पुढं करून डालगं चाचपलं. गोणपाटाची गाठ त्यांच्या बोटांना सापडेना. "भाऊ, तुमीच सोडा," त्या म्हणाल्या. "तुमचा हात लागला तर त्यांना बरं वाटंल."

मी गाठ सोडली. टिलवे बाहेर आले, कलंडले, गवताकडं पळाले. एक पाण्यात पडला आणि पंख आपटत राहिला. मी त्याला उचलून काठावर ठेवलं. ठेवून तरी काय होणार होतं? आभाळात घार होतीच.

"उडाले?" वहिनींनी विचारलं. त्यांचा चेहरा वर आभाळाकडं होता, उजळलेला.

"उडाले, वहिनी. समदे उडाले."

त्यांनी समाधानानं श्वास सोडला. मग हात पुसत म्हणाल्या, "पर आवाज लई कमी आला हो पंखांचा. पुढच्या येळंला सुनीलला जास्ती आणायला सांगा."

मी हो म्हणालो आणि त्यांना हाताला धरून व्हॅनकडं नेलं.